दोन ॲक्सलचा कॅरॅव्हॅन ट्रेलर जॅकवर घेऊन चाकं-ब्रेक करायचेत (गुहागर, जमीन वाळूची)

माडाखाली

नमस्कार मंडळी. कॅरॅव्हॅन ट्रेलर आहे, दोन ॲक्सल, चारही चाकांना पाट्याच्या स्प्रिंगा. ड्रम ब्रेक, ओव्हररन पद्धतीचे (गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या रेट्याने लागणारे), केबलवर चालणारे. भरलेलं वजन साधारण १६०० किलो, त्यातलं १०० किलोच्या आसपास गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर येतं. जूनपासून वाडीत उभा आहे, हँडब्रेक ओढलेला. आता दिवाळीनंतर कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे न्यायचाय. त्याआधी चारही चाकं काढून ड्रम उघडायचे, लायनर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) बघायचे, बेअरिंगला ग्रीस भरायचं.

जागा दोन आहेत. एक माडाखालची, पुळणीची वाळू आणि वर थोडी माती. दुसरी घरापुढचं खळं, त्यात जांभ्याचे चिरे बसवलेत. गाडीबरोबर आलेला कैची जॅक आहे, शिवाय ६ टनी बाटली जॅक आहे. आधाराला जांभ्याचे चिरे भरपूर पडलेत, ते चालतील का? जॅक नेमका कुठे लावायचा, ॲक्सलच्या नळीखाली की चासीखाली? ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना फिरवून खाली येणारे पाय आहेत, त्यांवर उचलला तर?

पाटापाना

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कोपऱ्यातले पाय उचलण्यासाठी नसतातच. आत माणूस चालताना ट्रेलर हलू नये एवढंच त्यांचं काम. त्यांवर वजन घेतलंत तर पायाचा स्क्रू वाकतो, नाहीतर चासीच्या टोकाचं वेल्डिंग सुटतं. उलट काम सुरू करण्यापूर्वी ते चारही पाय पूर्ण वर घ्या. एक बाजू उचलली की ट्रेलर तिरपा होतो आणि दुसऱ्या बाजूचा खाली राहिलेला पाय जमिनीत रुतून वाकतो.

कैची जॅक बाजूला ठेवा. बाटली जॅक चालेल, पण लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. खाऱ्या हवेत जॅकच्या वर येणाऱ्या दांड्याला गंजाचे बारीक खड्डे पडतात, ते सील कापतात आणि तेल झिरपायला लागतं. जॅक वजनाखाली अर्धा वर न्या, दांड्यावर खडूने रेघ मारा आणि १५ मिनिटं थांबा. रेघ खाली सरकली तर तो जॅक या कामाचा नाही.

जॅक लावायचा तो चासीखालीच. ॲक्सलची नळी आतून पोकळ असते, बऱ्याच ट्रेलरमध्ये तिला मधोमध थोडा वरचा बाकही दिलेला असतो. मध्ये जॅक लावला तर नळी वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांची दिशा बिघडते आणि टायर एका कडेने झिजायला लागतात. चासीवर योग्य जागा म्हणजे पाट्याचा हँगर (पाटा चासीला अडकवणारा लोखंडी कान) जिथे वेल्ड केलेला असतो त्याच्या लगत: मागच्या ॲक्सलसाठी मागच्या हँगरच्या जरा मागे, पुढच्यासाठी पुढच्या हँगरच्या जरा पुढे. तिथे मुख्य चॅनेलला (चासीच्या लांब लोखंडी तुळईला) जोड असतो, ताकद असते. दोन हँगरांमधला उघडा चॅनेल पातळ असतो आणि त्याची खालची कड जॅकच्या टोकावर मुडपते. म्हणून जॅकचं डोकं आणि चासी यांच्यामध्ये ठोकळा हवाच. सागवान किंवा ऐनाचा १५ सेंटिमीटर लांबीचा पुरतो.

आणि उचलण्याआधी त्या भागावर हातोडी मारून बघा. घट्ट, खणखणीत आवाज आला तर ठीक. बसका आवाज आला, पापुद्रे पडायला लागले, तर गंज आतपर्यंत गेलाय. तिथे जॅक लावायचा नाही, आधी वेल्डरला दाखवायचं. किनाऱ्यावर पाच-सहा पावसाळे काढलेल्या चासीचा वरचा रंग चांगला आणि खालचा पापुद्रा सुटलेला, असं सर्रास असतं.

वजनाचा हिशेब: १५०० किलो चार चाकांवर, म्हणजे एका चाकावर ३७५ च्या आसपास. एक अख्खी बाजू उचलली तर जवळपास ७५० किलो. ६ टनी जॅकला हे काहीच नाही. मोठा जॅक घ्यायचा तो रुंद बैठकीसाठी आणि जास्त उचलीसाठी. पाट्याच्या दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये चासी वर जायला लागली की आधी पाटे सैल होतात आणि चाक लोंबकळत खाली राहतं, त्यामुळे चासी ७-८ सेंटिमीटर वर गेली तरी चाक जमिनीवरच असतं. जॅकचा दांडा पूर्ण बाहेर काढून ती उंची गाठू नका. खालून लाकूड रचून जॅकच वर घ्या. दांडा अर्ध्याहून अधिक बाहेर असेल तर तिरपा होण्याची भीती वाढते.

चिराखाण

जमिनीबद्दल मी लिहितो, कारण आपल्याकडे अपघात जॅक मोडून होत नाहीत, जमीन खचून होतात.

आधी चिरा. आधार म्हणून जांभ्याचा चिरा वापरू नका, एकही नाही. आपल्याकडे घरं त्याचीच असल्यामुळे तो पक्का वाटतो. भिंतीत तो पूर्ण बैठकीवर सगळीकडून सारखं वजन घेतो. ट्रेलरखाली मात्र वजन एका अरुंद चॅनेलच्या कडेवर येतं. जांभा भोकाळलेला असतो, भोकांमध्ये मऊ माती भरलेली असते, पावसाळ्यानंतर तो आतून भिजलेलाही असतो. अशा कडेच्या वजनाखाली तो तडतडून इशारा देत नाही, एकदम फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. आधाराला लोखंडी जॅक स्टँडच घ्या, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते. ३ टनी दोन. पाटीवर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, ते वाचून घ्या.

आता जागा. माडाखालची वाळू सोडा. एक तर वाळू बाजूला सरकते, भार आला की जॅकच्या बैठकीखालून निघून जाते. दुसरं म्हणजे माडाच्या जागेत उंदरांची बिळं असतात, ती वरून दिसत नाहीत. तिसरं, डोक्यावर नारळ आहेत आणि तुम्ही दोन तास खाली बसणार आहात.

खळ्यातले चिरे त्यापेक्षा बरे, पण दोन गोष्टी तपासा. खळ्याखाली शोषखड्डा किंवा पाण्याची टाकी कुठे आहे ते घरात विचारा, त्यावर जॅक येता कामा नये. आणि चिऱ्यावर पहारीने ठोकत जा. पोकळ आवाज येतो तिथली खालची माती पावसात वाहून गेलेली असते.

बैठकीचं गणित सरळ आहे. बाटली जॅकची बैठक साधारण ११ बाय १२ सेंटिमीटर, म्हणजे १३० चौरस सेंटिमीटर. ७५० किलो त्यावर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेसहा किलो. खाली ४५ बाय ४५ ची फळी घातली की तेच वजन २०२५ चौरस सेंटिमीटरवर पसरतं, दाब ०.३७ किलोवर येतो. फळी मात्र ताठ हवी. एकच पातळ प्लाय मधोमध वाकतो आणि वजन पुन्हा मधेच राहतं. १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांवर, त्यावर ३० बाय ३० चा तिसरा तुकडा, मग जॅक. फणसाची जुनी जाड फळी असेल तर उत्तम. स्टँडखालीही हेच, कारण स्टँडचे चार पाय जॅकपेक्षा बारीक असतात आणि मऊ जमिनीत लवकर घुसतात.

अजून एक. लाल माती ऑक्टोबरात वरून वाळलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. टाचेने दाबून बघू नका, पहार मारून बघा.

जवळपास उघडा, सपाट कातळ असेल तर त्यासारखी जागा नाही. फक्त त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, जॅक डुगडुगतो, म्हणून तिथेही फळी लागतेच. आणि ट्रेलर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, नेताना पायाखाली बघा. रत्नागिरी-राजापूरकडे उक्षी, कशेळी, बारसू इथे आहेत तशी कातळशिल्पं अजून कित्येक सड्यांवर असू शकतात, चाकाखाली ती घासली की परत येत नाहीत.

माडाखाली

चिराखाण, खळ्याखाली टाकी नाही, शोषखड्डा मागच्या दारी आहे. पहार मारून बघितलं, एक कोपरा सोडला तर पक्कं वाटतंय. खळं पावसाचं पाणी जावं म्हणून थोडं उतरतं आहे, ६ फुटांत दीड इंच असेल. चालेल का? आणि चाकं किती उचलायची, एका बाजूची दोन्ही की एकेक? कोणीतरी सुचवलं की पुढचं चाक लाकडी उतारावर चढवलं की मागचं आपोआप अधांतरी होतं, जॅकच लागत नाही.

पाटापाना

६ फुटांत दीड इंच चालेल, पण ट्रेलर असा उभा करा की उतार त्याच्या लांबीच्या दिशेने येईल, आडवा नाही. आडव्या उतारावर उचललेली बाजू खालच्या अंगाला असली तर ठीक, वरच्या अंगाला असली तर ट्रेलर आधीच कललेल्या दिशेने आणखी ढकलला जातो.

लाकडी उताराची युक्ती रस्त्यात पंक्चर झालं तर चांगली. चाक बदललं, निघालात. ब्रेकच्या कामाला नको. ड्रम ओढताना, ठोकताना ट्रेलरला पुढे-मागे धक्के बसतात आणि अख्खा ट्रेलर त्या एका चाकाच्या टोकावर तोललेला असतो. चाक काढलेलं असेल तर घसरल्यावर खाली पडायला ड्रमच उरतो.

क्रम असा ठेवा.

गाडी ट्रेलरला जोडलेलीच असू द्या. कपलिंग लॉक, गाडीचा हँडब्रेक, पहिला गिअर. जॉकी व्हीलवर (दांड्याखालच्या छोट्या टेकूच्या चाकावर) ट्रेलर उभा ठेवून बाजू उचलायची नाही, ते चाक गोल फिरतं आणि पुढचं टोक आडवं जातं. पाण्याची टाकी रिकामी करा, गॅस सिलिंडर बंद, आत कोणी नाही.

जी बाजू उचलणार नाही तिच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावा. दोन चाकांच्या मधल्या फटीतही एक. पायाने ठोकून घट्ट बसवा. या पाचरी लागल्यावरच ट्रेलरचा हँडब्रेक सोडा. सोडावा लागतोच, नाहीतर उचललेलं चाक फिरणार नाही आणि ब्रेक जुळवता येणार नाही.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. अधांतरी चाकाचा जाम नट पान्यावर उभं राहून सोडवताना जो झटका बसतो, तोच ट्रेलर जॅकवरून उतरवतो.

मग उचला. दर चार-पाच पंपांना थांबून जॅक बाजूने बघा. बाजू वर जाते ती कमानीच्या वळणाने जाते, सरळ नाही, त्यामुळे जॅक हळूहळू कलतो. बोटभर कललेला दिसला तरी खाली घ्या, जागा बदला, पुन्हा उचला. बाटली जॅकला सरळ उभंच राहायला लागतं.

चाक जमिनीपासून २-३ सेंटिमीटर सुटलं की पुरे. स्टँड चासीखाली सारा, हँगरजवळ, आणि वजन पूर्ण स्टँडवर उतरवा. जॅक नुसता टेकलेला राहू द्या. एका बाजूची दोन्ही चाकं एकदम करायची असतील तर दोन स्टँड, एक पुढच्या हँगरजवळ, एक मागच्या. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही नाही. वजन उतरवल्यावर ट्रेलरला खांद्याने बाजूने आणि लांबीच्या दिशेने ढकलून बघा. हलायचं असेल तर ते आत्ता हलू दे, तुमचा हात ड्रममागे असताना नको. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं चुकलं तरी ट्रेलर जमिनीऐवजी टायरवर बसेल आणि खाली हात-पायभर जागा राहील. अंग पूर्ण खाली घालायची वेळ या कामात येत नाही, तशी जागा निवडूच नका.

लायनर

ब्रेकचं मी सांगतो. जूनपासून हँडब्रेक ओढून ठेवलाय म्हणजे एक-दोन ड्रम चिकटलेले असणार, तयारी ठेवा. खाऱ्या दमट हवेत ड्रमच्या आतल्या लोखंडावर गंज धरतो आणि लायनर त्याला पकडून बसतो. पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेक सोडून, फक्त पाचरींवर उभा करा.

चिकटलेला ड्रम ओढून काढू नका, लायनर शूवरून (तो ज्यावर बसवलेला असतो त्या लोखंडी कमानीवरून) उपटून येतो. आधी मागच्या प्लेटचं रबरी बूच काढून स्टार ॲडजस्टर (शू ड्रमपासून जवळ-लांब करणारं दातेरी चाक) मागे फिरवा. मग ड्रमच्या तोंडावर, दोन स्टडांच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टांच्या) मध्ये, लाकडी हातोड्याने फिरत फिरत ठोका. लोखंडी घणाने कडेवर मारलं तर बिडाचा ड्रम तडकतो.

हबचं झाकण, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वॉशर या क्रमाने काढा. ड्रम थोडा बाहेर ओढला की बाहेरचं बेअरिंग अंगठ्याने धरा, नाहीतर ते वाळूत पडतं आणि मग त्याची धुलाई दुप्पट. आतली पूड फुंकायची नाही, हवेचा फवाराही नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

लायनर चिकटवलेला असेल तर २ मिलिमीटरच्या खाली गेला की बदला. रिव्हेटचा असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर १ मिलिमीटर तरी उरलेला हवा. एका चाकाचा बदलला तर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाचाही बदला. स्प्रिंगा गंजल्या असतील तर विचार न करता नव्या घाला, त्यांची किंमत फार नसते. ब्रेक केबल हाताने ओढून बघा. जड चालत असेल तर आवरणात पाणी शिरून आतली तार गंजलीय. वरून तेल सोडून ती आठवडाभर बरी चालते आणि घाटात अडकते. नवीनच घाला.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा, फडक्याने पुसून वाळवा. रोलर निळसर दिसले तर तापलेत, खड्डे दिसले तर गेलेत. बदलताना आतली कोन आणि हबमधला कप दोन्ही एकदम बदला. ऑइल सील दर वेळी नवं. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्सचं, २ नंबरचं. जुन्या वेगळ्या जातीच्या ग्रीसवर नवं भरू नका, काही ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन गळतात आणि थेट लायनरवर जातात. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीसचे दोरे बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. वरून बोटाने लिपलेलं ग्रीस आत पोचत नाही.

नट बसवताना: हब फिरवत फिरवत नट साधारण ७० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत परत आणा. खाच जुळत नसेल तर मागे घ्या, पुढे आवळू नका. नवी स्प्लिट पिन. हबला अगदी किंचित ढिलाई जाणवली पाहिजे. ‘घट्ट बरं’ म्हणून आवळलेलं बेअरिंग पहिल्या ५० किलोमीटरमध्ये तापतं.

माडाखाली

लायनर, ब्रेक जुळवणी कशी करू? पुढच्या दांड्याजवळ एक रॉड आहे, त्यावरचा नट आवळला की ब्रेक लवकर लागतो, असं ऐकलंय. आणि चाकाच्या नटांना किती टॉर्क? स्टडना गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं तर?

लायनर

रॉडचा नट सगळ्यात शेवटी. आधी तो सैल सोडा, मग चारही चाकांवर स्टार ॲडजस्टरने जुळवणी. चाक पुढे जाण्याच्या दिशेनेच फिरवा. तुमचे शू ऑटो-रिव्हर्स जातीचे असतील तर उलटं फिरवल्यावर ते आपोआप मिटतात आणि जुळवणी खोटी येते. ॲडजस्टर चाक अडेपर्यंत पुढे न्या, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे, अगदी हलकी घासट ऐकू आली तरी चालेल. चारही चाकं सारखी झाली की मगच रॉडची ढिलाई घ्या, तीही फक्त लोंबकळ जाईपर्यंत. चाकांकडची झीज रॉडवर ओढून भरून काढली की शू कायम ड्रमला टेकलेले राहतात. सपाटीला कळत नाही. घाट उतरताना ड्रम लाल होतात आणि ब्रेक विझतो.

पाटापाना

टॉर्क ट्रेलरच्या पाटीवर किंवा पुस्तकात असेल तोच खरा. १२ मिलिमीटर स्टड आणि लोखंडी रिम असेल तर तो बहुधा ९० ते ११० न्यूटन-मीटरमध्ये येतो. नट आधी हातानेच बसवा, म्हणजे आटा तिरपा धरत नाही. हवेत असताना ३०, मग ६०, समोरासमोरचे नट एकाआड एक. चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा टप्पा टॉर्क रेंचने.

स्टडला ग्रीस नको. ग्रीस लागलं की तोच टॉर्क दाखवूनही स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, आणि नटाच्या शंकूच्या बैठकीवर लागलं तर नट सुटायलाही मदत होते. तारेच्या ब्रशने गंज काढा, कोरडं बसवा. आटे खाल्लेले स्टड बदला.

खाली घेताना जॅकचा स्क्रू अगदी पाव आटा सोडा. एकदम सोडला तर ट्रेलर आपटतो आणि पाटे झटक्यात ताणले जातात. दोन्ही बाजू झाल्यावरच पाचरी काढा, त्याही ट्रेलरचा हँडब्रेक लागतोय हे बघून.

नवे बसवलेले नट पहिल्या थोड्या अंतरात बसतात आणि सैल होतात. शृंगारतळीला थांबून एकदा टॉर्क रेंच लावा, चिपळूणला पुन्हा, आणि कुंभार्ली चढून वर आल्यावर तिसऱ्यांदा. चढताना ब्रेक फारसा लागत नाही, तेव्हा हब तापला असेल तर दोष बेअरिंगचा किंवा घासणाऱ्या शूचा. हाताची मागची बाजू चारही हबांजवळ न्या, आधी लांबूनच. चारही सारखे कोमट असले तर ठीक. एकच वेगळा गरम असला तर तो पुन्हा उघडायचा. परतीला घाट उतरून पोफळीला आलात की हेच पुन्हा करा, तेव्हा चारही गरम असतील, पण सारखे असायला हवेत.

माडाखाली

दोन स्टँड, प्लाय आणि सील आणायला उद्या चिपळूणला जातोय. चासीच्या डाव्या बाजूला मागच्या हँगरजवळ हातोडी मारली तर पापुद्रा पडला, खाली चॅनेल दिसतोय पण खड्डे आहेत. ती बाजू वेल्डर बघेपर्यंत उचलणार नाही. उजवीकडची दोन चाकं आधी घेतो.

चिराखाण

डावी बाजू थांबवलीत ते बरोबर. पण उजवी बाजू उचलल्यावरही तो डावीकडचा हँगर वजनाखालीच राहणार आहे, तेव्हा वेल्डर बघून गेल्यावरच उजवीकडेही हात घाला. चॅनेलची जाडी त्याला स्वच्छ धातूवर मोजायला सांगा, गंजावरून नको.